‘सेट’ या क्रियापदाची उठबस

रायपूरचा सदर बाजार हा मुख्यतः सराफांचा बाजार आहे. लग्नसराई जवळ आली म्हणजे छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतून माणसे येथे येतात आणि सूता, पुतरी, ऐंठी, करधन अशा नावांनी दागिने मागतात. त्यांतील पुतरी पाहून मराठी गृहिणीला आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेची आठवण होते. मराठी गृहिणीही या बाजाराला नवखी नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले तोवर हा मुलूख त्या राज्यात मोडत होता. त्या काळी आणि पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

अशा एखाद्या कुटुंबातील आजी अंगठीतून निखळलेला खडा रुमालाच्या टोकाला बांधून पेढीवर आल्या आहेत, अशी कल्पना करावी. त्या म्हणतात, “एवढा खडा बसवून द्या.” सराफ गादीवरूनच आतल्या कारागिराला सांगतो, “माँजी का नग बिठा दो.” आजींबरोबर आलेली नात इंग्रजी शाळेत शिकते. काय चालले आहे असे तिला विचारले, तर खडा ‘सेट’ करीत आहेत, असे ती सांगेल. मराठीत बसविणे, हिंदीत बिठाना, इंग्रजीत सेट. तिन्ही भाषांनी खड्याला जणू पाहुण्यासारखे हाताला धरून जागेवर बसविले आहे. भाषांतर करणाऱ्याला याहून सुखाचा प्रसंग नाही.

परंतु हे सुख त्या पेढीच्या उंबरठ्याबाहेर टिकत नाही. आजी आणि नात घराकडे निघतात तेव्हा बुढा तालाबापलीकडे सूर्य मावळत असतो. घरी आई सहामाहीची प्रश्नपत्रिका काढीत बसलेली असते, कारण ती शाळेत शिकविते. जेवणाची पाने मांडायची असतात. निजण्यापूर्वी आजी दही लावतात आणि वडील गजराचे घड्याळ लावतात. सकाळी दही लागलेले असते. मराठीला या एका संध्याकाळसाठी मावळणे, काढणे, मांडणे, लावणे आणि लागणे अशी पाच क्रियापदे खर्ची घालावी लागली. इंग्रजीचे सगळे काम एका ‘सेट’वर भागते. सूर्यही ‘सेट’ होतो आणि दहीही; प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतात, घड्याळ ‘सेट’ करतात आणि जेवणाचे टेबलही. एवढ्याशा शब्दाने इतकी परस्परांशी संबंध नसलेली कामे करावीत आणि तरीही इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा कधी घोटाळा होऊ नये, हे कसे घडते?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर शब्दाच्या जन्मकथेत आहे. जुन्या इंग्रजीत ‘सित्तन’ म्हणजे बसणे आणि ‘सेत्तन’ म्हणजे बसविणे. पहिल्यापासून आजचे ‘सिट’ आले, दुसऱ्यापासून ‘सेट’. मराठी व्याकरणात ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात, तेच ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चे प्रयोजक रूप होय. अशा जोड्या इंग्रजीत पूर्वी पुष्कळ होत्या. पिणे या अर्थाचे ‘ड्रिंक’ आणि चिंब करणे या अर्थाचे ‘ड्रेंच’ ही त्यांतलीच एक. ‘ड्रेंच’चा मूळ अर्थ ‘पाजणे’ असा होता. मराठीत बसणे-बसविणे, पडणे-पाडणे, पिणे-पाजणे ही यंत्रणा अद्याप जिवंत आहे. इंग्रजीत ती केव्हाच मोडून पडली आणि तिचे थोडे सांगाडे तेवढे शिल्लक राहिले. आजच्या इंग्रजी बोलणाऱ्याला ‘सेट’मध्ये ‘बसणे’ दडले आहे याची बहुधा कल्पनाही नसते. आपल्या वाचकाला मात्र ती सहज करता येते, कारण आजींनी पेढीवर नेमका हाच शब्द उच्चारला होता.

मूळ आणखी मागे नेता येते. ‘सिट’ आणि संस्कृतातील ‘सद्’ हा धातू एकाच आदिम मुळाची दोन अंकुरे आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. सदन, संसद, सभासद, उपनिषद या शब्दांत हेच ‘बसणे’ आहे. मराठीतील ‘बसणे’ मात्र या कुळातले नव्हे. ते ‘उप’ उपसर्ग लागलेल्या ‘विश्’ धातूपासून, जुन्या मराठीतील ‘बैसणे’ या रूपावाटे आले. म्हणजे खड्याच्या बाबतीत इंग्रजी आणि मराठी यांचे शब्द सोयरे नाहीत, केवळ कल्पना जुळली आहे. (बाजाराच्या नावातील ‘सदर’ ऐकून कोणाला ‘सदन’ आठवेल, पण तोही भास आहे. हा शब्द अरबी असून छाती, पुढचा भाग, मुख्य स्थान असे त्याचे अर्थ आहेत. गडावरची सदर, सरकारी कागदातला ‘सदर इसम’, वर्तमानपत्रातले सदर आणि साताऱ्यापासून रायपूरपर्यंतचे सदर बाजार ही सारी त्याचीच लेकरे. अनेकार्थी शब्द पाहावयास इंग्रजीपर्यंत जाण्याची गरज नव्हती, असे यावरून कोणी म्हटले तर ते खोटे नाही.)

एकदा ‘बसविणे’ हा मूळ अर्थ हाती आला, की पुढचा प्रवास फारसा अवघड राहत नाही. एखादी वस्तू जागेवर बसविली म्हणजे ती तेथे स्थिर होते. स्थिर करण्याची ही कल्पना वस्तूंवरून अमूर्त गोष्टींवर गेली, आणि भाव, तारीख, मर्यादा, परीक्षेचे प्रश्न यांना ‘सेट’ करता येऊ लागले. मराठीत तेथे ‘ठरविणे’, ‘नेमणे’, ‘काढणे’ अशी क्रियापदे येतात. जे पातळ आहे ते एका रूपात स्थिर झाले म्हणजे ते घट्ट होते. म्हणून दही, सिमेंट आणि मोडलेले हाड ही तिन्ही ‘सेट’ होतात. रायपूरच्या आसपास, विशेषतः बलौदा बाजारच्या बाजूला, चुनखडीच्या आधाराने सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. तेथील प्रयोगशाळेत हा शब्द मोघम राहत नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटचे प्राथमिक ‘सेटिंग’ तीस मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम ‘सेटिंग’ सहाशे मिनिटांच्या आत झाले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. गवंड्याला तेवढ्याशी कर्तव्य नसते; तो बोटाने दाबून पाहतो आणि ‘धरले’ म्हणतो. झाडाला फळ ‘सेट’ झाले म्हणजेही मराठी शेतकरी ‘फळ धरले’ असेच म्हणतो. गवंडी आणि शेतकरी यांनी मिळून ‘सेट’च्या एका मोठ्या अर्थाला अस्सल मराठी शब्द दिला आहे. कोशकारांनी त्याची दखल घ्यावी असा तो आहे.

सूर्याचे काय? सूर्यही बसतो, म्हणजे दिवसभराच्या प्रवासानंतर खाली टेकतो, एवढीच ती कल्पना. मराठीला येथे बसणे चालत नाही, कारण मराठीत ‘बसणे’ खचण्याच्या अर्थानेही येते. दुकान बसले, घसा बसला, भिंत बसली. सूर्य बसला म्हटले तर ऐकणारा घाबरून वर पाहील.

आजींच्या लोखंडी कपाटातील ‘दागिन्यांचा सेट’ हा मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. समूह किंवा संच या अर्थाचे ‘सेट’ हे नाम पुष्कळ अंशी लॅटिनमधील ‘सेक्ता’ या शब्दावरून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. मागे जाणारे, अनुयायी, पंथ असा त्याचा अर्थ होता. बसविण्याचा ‘सेट’ आणि पंथाचा ‘सेट’ यांचे उच्चार एक झाले आणि कालांतराने त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळले. गणितात मराठीने त्यासाठी ‘संच’ हा शब्द घेतला तो योग्यच झाला, कारण तेथे बसविण्याचा काही संबंध नाही.

आतापर्यंतच्या विवेचनावरून इंग्रजी ही काटकसरी आणि मराठी ही उधळी भाषा आहे, असा कोणाचा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणे अवश्य आहे. मराठी गणपती बसविते, घट बसविते, नाटक बसविते, हाड बसविते, दारे-खिडक्या बसविते आणि करही बसविते. यांपैकी हाडाच्या बाबतीत इंग्रजी ‘सेट’ तंतोतंत जुळते. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही. पण ‘सेट’ला खरा तोडीस तोड जोडीदार शोधायचा तर तो ‘लावणे’ होय. झाड लावतात, भात लावतात, गंध लावतात, कुलूप लावतात, रेडिओ लावतात, लग्न लावतात, पण लावतात, वेळ लावतात, जीव लावतात. भात लावणारा शेतकरी चिखलात उभा असतो आणि भात लावणारी गृहिणी चुलीपाशी. शब्द दोघांचा एकच. दिवा लावला म्हणजे उजेड सुरू होतो, दार लावले म्हणजे वाट बंद होते. मुलीला वाटेला लावणे ही वत्सलतेची गोष्ट आहे, आणि एखाद्याची वाट लावणे ही नव्हे. दोहोंत फरक केवळ विभक्तीचा. मराठी शिकणाऱ्या परक्याने ‘लावणे’ पाहून कपाळाला हात लावला, तर तेथेही पुन्हा तेच क्रियापद हजर! आणि या सगळ्यातून आशय काढणे याला मराठीत म्हणतात ‘अर्थ लावणे’.

कोशकारांना या जातीच्या क्रियापदांनी नेहमीच छळले आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत अर्थ सैल आणि व्याप्ती अफाट असलेल्या शब्दांची एक यादीच दिली आहे. तीत गेट, गिव्ह, डू, पुट, गो, रन, मेक, टेक यांच्या पंगतीला ‘सेट’ही आहे. पुढे ऑक्सफर्डचा महाकोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला, तेव्हा सर्वांत लांब नोंद ‘सेट’चीच ठरली. त्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाने सुमारे साठ हजार शब्दांची जागा व्यापली होती आणि त्याचे चारशे तीसच्या आसपास अर्थ नोंदविलेले होते. साठ हजार शब्द म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरी. २००० नंतर नव्या संशोधनाचे काम सुरू झाल्यावर हा मान प्रथम ‘मेक’कडे, मग ‘पुट’कडे आणि शेवटी ‘रन’कडे गेला. ‘रन’ची नोंद नव्याने लिहिण्यास पीटर गिलिव्हर या संपादकाला नऊ महिने लागले आणि तिच्यात क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. ‘सेट’चे आसन गेले ते त्याचा वापर कमी झाला म्हणून नव्हे, यंत्रयुगाने ‘रन’ला अधिक कामे दिली, इतकेच.

हे आकडे ऐकून जे दडपण येते ते मात्र अनाठायी आहे. चारशे तीस अर्थ कोणाच्याही डोक्यात नसतात, लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाच्याही नाहीत. कोशातील अर्थ हे वस्तुतः त्या शब्दाच्या उठबशीचे वृत्तांत असतात. ‘सेट’ कोणाबरोबर बसला आहे हे पाहिले की तो काय करतो आहे ते कळते. शेजारी घड्याळ असेल तर लावणे, सापळा असेल तर मांडणे, शीड असेल तर उभारणे, गीत असेल तर चाल बांधणे, छापखान्यातील खिळे असतील तर जुळविणे. अर्थाचा भार नामाने उचललेला असतो. क्रियापद नुसते त्याच्या मागे उभे असते. म्हणून अनुभवी अनुवादक ‘सेट’ दिसला की कोश उघडण्यापूर्वी त्या वाक्यातील कर्म शोधतो. नवशिक्या अनुवादक क्रियापदाचा मराठी शब्द आधी लिहून टाकतो आणि मग वाक्य त्याच्याभोवती कसेबसे उभे करतो. ‘त्याने चांगले उदाहरण बसविले’ अशी वाक्ये अशाच घाईत जन्माला येतात. मराठीत उदाहरण घालून देतात, आणि कित्ताही.

मराठी आणि हिंदी यांच्या दरम्यान काम करणाऱ्यालाही हे चुकत नाही. ज्यांच्या जीवनकार्याचा मोठा भाग छत्तीसगढशी निगडित आहे त्या माधवराव सप्रे यांनी समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ मराठीतून हिंदीत नेले. दोन्ही भाषा संस्कृतच्या परिवारातल्या, तत्त्वज्ञानाची परिभाषाही पुष्कळशी सामाईक. तेथील मोठमोठे शब्द जसेच्या तसे उचलता येतात. अडतात ती घरगुती क्रियापदे. मराठीत दही लावतात, हिंदीत जमवितात. मराठीत घड्याळ लावतात, हिंदीत मिळवितात. हिंदीच्या शेजारात वाढलेल्या मराठी घरात ‘दही जमविले’ असे कोणी म्हटले तर नवल वाटू नये. त्या वाक्यात व्याकरण मराठीच असते. बिघडते ती शब्दांची संगत.

१९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, आणि त्या प्रांताने हिंदी आणि मराठी अशा दोन भाषा राज्यकारभारासाठी स्वीकारल्या होत्या. डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू आणि उपसर्ग यांच्या बळावर पारिभाषिक शब्दांची प्रचंड टांकसाळ नागपुरात घातली ती याच काळात. तिच्यातून निघालेल्या शब्दांची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु अधिकाऱ्याचे पदनाम, खात्याचे नाव, यंत्राचा भाग यांना प्रतिशब्द घडविता येतो, एवढे तिने दाखविले. ‘सेट’सारखे क्रियापद कोणत्याच टांकसाळीत घालता येत नाही. ते नाणे नसून सुटी मोड आहे.

‘सेट’ला लागणाऱ्या छोट्या अव्ययांनी गुंता आणखी वाढतो. ‘आउट’ लागले की माणूस प्रवासाला निघतो, ‘अप’ लागले की दुकान थाटतो. ‘इन’ लागले की पावसाळा सुरू होतो, ‘अपॉन’ लागले की शत्रू तुटून पडतो. ही शाळकरी मुलांना पाठ करावी लागतात आणि परीक्षेनंतर विसरता येतात. ‘ऑफ’ची गंमत अधिक आहे. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे फटाका उडविणे. आणि सदर बाजारातील आरशासमोर उभ्या असलेल्या मुलीच्या सावळ्या वर्णावर सोने खुलून दिसते, तेही ‘सेट ऑफ’च. छापखान्यात ओल्या शाईचा ठसा समोरच्या पानावर उमटतो त्या दोषालाही हेच नाव आहे.

दरम्यान बाजाराने आपल्या पुरता हा प्रश्न सोडवून टाकला आहे. त्याने ‘सेट’ हा शब्दच उचलला. “पूरा सेट लीजिए” हे वाक्य रायपूरच्या पेढीवर ऐकू येते तसेच नागपूरच्या आणि पुण्याच्याही. ज्या सेठजींच्या तोंडून ते येते त्यांचा ‘सेठ’ मात्र संस्कृत ‘श्रेष्ठी’पासून आलेला, तेव्हा दोघांचे नाते नादापुरतेच. नोकरी लागून मुलगा स्थिरस्थावर झाला म्हणजे तो ‘सेट झाला’ असेही आता बोलतात. येथे इंग्रजी ‘सेट’ नसून ‘सेटल’ अभिप्रेत असावे, पण त्याची शेपटी वाटेत गळून पडली आहे. आणि ‘सेटिंग’चा तर नूरच पालटला. इंग्रजीत कोंदणाला, कथेच्या पार्श्वभूमीला किंवा यंत्राच्या जुळणीला हे नाव आहे. हिंदीत आणि मराठीत मात्र आतून केलेल्या संगनमताला ‘सेटिंग’ म्हणतात. गंमत अशी की, जो दुकानदार दुसऱ्याच्या ‘सेटिंग’बद्दल नाक मुरडतो, त्याच्याच हातातील मोबाइलवर ‘सेटिंग्ज’ असे मराठीत लिहिलेले असते आणि त्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही. शब्दाची संगत बदलली, की तो निर्दोष होतो.

येथवर चुकीचा परिणाम फार तर हसू. न्यायालयाच्या कागदात तसे राहत नाही. ‘सेट असाइड’ या जोडशब्दाचे इंग्रजीत निदान तीन उपयोग आहेत. नातीच्या लग्नासाठी पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे ते राखून ठेवले. भावांनी आपसातले मतभेद ‘सेट असाइड’ केले म्हणजे ते तात्पुरते बाजूला ठेवले. आणि न्यायालयाने एखादा आदेश ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्द केला. पहिल्या वाक्यात वस्तू जपली जाते, दुसऱ्यात ती थांबते, तिसऱ्यात ती नाहीशी होते. इंग्रजी शब्द तिन्हीकडे तोच. वेगळे आहे ते केवळ कर्म.

रायपूरच्या एखाद्या मराठी कुटुंबाची नागपुरात वडिलोपार्जित जागा आहे असे धरावे. तिच्याबद्दल दावा झाला, समन्स जुन्या पत्त्यावर गेले, कोणी हजर राहिले नाही आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील नवव्या आदेशाच्या तेराव्या नियमान्वये असा हुकूमनामा ‘सेट असाइड’ करून घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. अर्ज झाला, मंजूर झाला, आणि वकिलांचे इंग्रजी पत्र रायपूरला आले. घरातील इंग्रजी जाणणाऱ्याने ते वाचून आजींना सांगितले, “कोर्टाने हुकूमनामा बाजूला ठेवलाय.”

‘बाजूला ठेवलाय’ या शब्दांवरून आजी काय समजतील? आज बाजूला ठेवलेला कागद उद्या पुन्हा वर येईल. म्हणजे प्रकरण लांबले, सध्या करण्यासारखे काही नाही, स्वस्थ बसावे. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. हुकूमनामा रद्द झालेला असतो, दावा पुन्हा जिवंत झालेला असतो, आणि तो पुढे चालविण्यासाठी न्यायालयाने दिवस नेमलेला असतो. त्या दिवशी हजर न राहिल्यास पुन्हा एकतर्फी निकाल होऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा तो रद्द करून घेणे पहिल्याइतके सोपे नसते. जे ‘बाजूला ठेवले’ म्हणून सांगितले गेले त्याला मराठी कायद्याच्या भाषेत ‘स्थगिती’चा वास येतो, आणि स्थगितीला इंग्रजीत सर्वस्वी निराळा शब्द आहे. ‘रद्द केला’ हे दोन शब्द वापरले असते तर निदान “मग आता पुढे काय?” असा प्रश्न आजींनीच विचारला असता.

लिलावाच्या बाबतीतही हेच. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत झालेली जागेची विक्री ‘सेट असाइड’ करण्याचा अर्ज साठ दिवसांत करावा लागतो. तो मंजूर झाला म्हणजे विक्री झालीच नाही असे मानतात. ‘विक्री बाजूला ठेवली’ असे भाषांतर वाचून लिलावात बोली जिंकलेला मनुष्य जागेची वाट पाहत राहील, तर मूळ मालक अजूनही जागा गेलीच समजून रडत बसेल. एकाच चुकीने दोघांनाही फसविण्याचे सामर्थ्य फार थोड्या शब्दांत असते.

‘सेट ऑफ’चा कायद्यातील अर्थ सराफाला समजावून सांगावा लागत नाही. नव्या दागिन्याचे पन्नास हजार येणे आहेत आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या जुन्या सोन्याच्या मोडीचे बारा हजार देणे आहेत, तेव्हा बारा वजा करून अडतीस घ्यावेत, हे पेढीवर रोज चालते. ही वजावट होय. दिवाणी दाव्यातही प्रतिवादीला आपली ठरीव रक्कम अशीच वजा मागता येते. पण फौजदारी कायद्यात हाच शब्द पैशाऐवजी दिवसांना लागतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ४२८ व्या कलमाने एक नवी तरतूद आणली. आरोपीला ठराविक मुदतीच्या कैदेची शिक्षा झाली, तर त्या प्रकरणात खटल्यापूर्वी आणि खटल्याच्या काळात त्याने कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून ‘सेट ऑफ’ करावयाचे. दंड न भरल्याबद्दल भोगावी लागणारी कैद तीत येत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि तीतही ही तरतूद आहे.

दोन वर्षांची शिक्षा झालेला आणि आधी चौदा महिने कोठडीत काढलेला मनुष्य यामुळे दहा महिन्यांत बाहेर येतो. आता त्याच्या घरी पोहोचलेल्या कागदावर कोणी ‘चौदा महिने सोडून’ असे भाषांतर केले, तर त्याचे दोन अर्थ होतात. ते महिने शिक्षेतून वजा झाले, असा एक. आणि ते हिशेबातच धरले नाहीत, म्हणजे अजून पुरी दोन वर्षे काढायची आहेत, असा दुसरा. मराठीत ‘सोडून’ हा शब्द तितकाच दुतोंडी आहे. ‘वजा करून’ असे लिहिले की शंका उरत नाही, आणि घरातली म्हातारी माणसे दहा महिने बोटांवर मोजू लागतात.